चिंबोऱ्यांचा दर शून्य कसा झाला

मंडळी, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली डिक्शनरी, म्हणजे नाव आणि त्यापुढची माहिती अशा जोड्यांची यादी, वापरताना नवशिक्यांच्या तीन चुका हमखास होतात, त्या सांगायचं मी कबूल केलंय. पण आधी हर्णैची एक हकिकत.

माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील हर्णै बंदरात संध्याकाळच्या लिलावात मासळी घेतात. त्यांच्यासाठी तिने हिशेबाचं फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, लिहिलं. एका डिक्शनरीत दर, दुसरीत वजन, मासळीचं नाव ही की, म्हणजे जिच्यावरून नोंद शोधायची ती खूण. वजन गुणिले दर, बेरीज, रिटर्न म्हणजे उत्तर परत. जेमतेम दहा ओळी, स्वच्छ. पापलेट चाललं, सुरमई चालली, चिंबोऱ्यांपाशी की-एरर! दरांच्या यादीत चिंबोऱ्या ढळढळीत दिसतायत आणि पायथन म्हणतो, नाहीत.

कुणीतरी तिला सांगितलं, चौकोनी कंसात की देऊन दर मागतेस ते सोड, गेट वापर, सापडलं नाही तर शून्य धर. एरर गेली. त्यानंतर चार दिवस चिंबोऱ्यांचे पैसे शून्य लागत राहिले. वडिलांनी वहीशी ताडून पाहिलं म्हणून कळलं.

या सल्ल्याचा मला अजून राग येतो. नग मोजताना गेट आणि शून्य अगदी बरोबर, कारण पहिला बांगडा येईपर्यंत मोजणी शून्यच असते. पण दर न सापडणं ही चूक आहे, आणि ती ओरडून सांगत होती. आपण तिचंच तोंड दाबलं.

मग ती माझ्याकडे आली. दोन्ही डिक्शनऱ्यांतल्या चिंबोऱ्या काढून लेन, म्हणजे शब्दातली चिन्हं मोजणारं फंक्शन, लावलं. एकीचं उत्तर ९, दुसरीचं १०! न दिसणारी चिन्हं उघडी करणारं रेप्र लावून छापलं, तर दहावालीच्या पोटात उलटी तिरकी रेघ आणि यू२००डी. खोऱ्या, दोऱ्या, चिंबोऱ्या यांतला तो आडवा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, तेच ते यू२००डी. दर वडिलांनी फोनवर लिहिले होते, वजनं तिने संगणकावर. डिक्शनरी कीचा हॅश, म्हणजे तिच्या चिन्हांवरून एक आकडा, काढते, त्यावरून जागा शोधते आणि तिथली की तंतोतंत तीच आहे का ते बघते. शब्द दिसतो कसा, याच्याशी तिला कर्तव्य नाही. आम्ही नाव साफ करणारं छोटं फंक्शन लिहिलं आणि दोन्ही याद्या त्यातून काढल्या. मग गेट काढून चौकोनी कंस परत आणले.

आपण बसलोय ते वाचनालय साडेसातला बंद होतं, तेव्हा कबूल केलेल्या तीन चुका भराभर सांगतो. एक, वापरणाऱ्याने टंकलेलं वाचणारं इनपुट नेहमी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, देतं. की १२ हा आकडा असेल तर अवतरणातला १२ तिथे सापडणार नाही. दोन, रिटर्न चुकून लूपच्या, म्हणजे एकेका मासळीसाठी पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, आत सरकला की पहिल्याच मासळीला फंक्शन संपतं, एररही येत नाही. डावीकडची मोकळी जागा बघा. तीन, फंक्शनची सुरुवात करणाऱ्या डेफच्या कंसात डीफॉल्ट, म्हणजे काही दिलं नाही तर धरायचं मूल्य, म्हणून रिकामी डिक्शनरी देऊ नका. ती फंक्शन तयार होताना एकदाच बनते आणि पहिल्या होडीचा माल दुसरीच्या हिशेबात शिरतो. तिथे नन, म्हणजे ‘काहीच नाही’, द्या, डिक्शनरी आत बनवा.

त्या दोन चिंबोऱ्या पडद्यावर उघड्या ठेवल्यात. लॅपटॉप आणलेल्यांनी पुढे या, लेन स्वतः लावून बघा.