साखळीतला सहावा दुवा

श्रोतेहो, नमस्कार. सिकलसेल हे नाव विदर्भात नवं नाही. रक्ताचा आजार म्हणून आपण तो ओळखतो, पण बिघाड असतो एका प्रथिनात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. या आम्लांच्या क्रमावरून साखळीची घडी ठरते आणि घडीवरून तिचं काम. हिमोग्लोबिनमध्ये 141 दुव्यांच्या दोन अल्फा आणि 146 दुव्यांच्या दोन बीटा साखळ्या असतात. सिकलसेलमध्ये बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बस, एवढंच! पण ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, व्हॅलिनवर नसतो. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. असह्य दुखणं त्यातूनच येतं.

रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये या विद्युतभारातला फरक दाखवला. बदललेला दुवा व्हर्नन इन्ग्राम यांनी 1957 मध्ये नेमका शोधला.

आपल्याकडची तपासणी याच ज्ञानावर चालते. सोल्युबिलिटी चाचणीत पेशी फोडणाऱ्या आणि ऑक्सिजन काढून घेणाऱ्या द्रावणात थोडं रक्त टाकतात, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर चाचणी पॉझिटिव्ह. मात्र द्रावणातलं डायथायोनाईट, म्हणजे ऑक्सिजन काढून घेणारं रसायन, जुनं असेल, रुग्णाला नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा त्याच्या अंगात रक्त फारच कमी असेल, तर निकाल फसवा येऊ शकतो. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरंच उरलेलं असतं, म्हणून तिथे ही चाचणी भरवशाची नाही. शिवाय वाहक कोण, म्हणजे ज्याच्यात हा दोष एकाच पालकाकडून आला आहे, आणि रुग्ण कोण, हे ती सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करावीच लागते: विजेच्या साहाय्याने होणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा यंत्रावर होणारी एचपीएलसी. इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर सिकल हिमोग्लोबिन धन टोकाकडे हळू सरकतं, कारण त्याचा ऋण भार कमी. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के.

नवतपातलं, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतलं, नागपूरचं ऊन रुग्णाला का झेपत नाही, हेही प्रथिनच सांगतं. शरीरातलं पाणी घटलं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि तंतू झपाट्याने जुळतात. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं ते यासाठी. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं. हे हिमोग्लोबिन तंतूत सामील होत नाही. पण या गोळीने पांढऱ्या पेशीही घटू शकतात, म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशी रक्त तपासल्याशिवाय ती चालू ठेवू नये.