तबकडीच्या दुसऱ्या बाजूची कविता

श्रोतेहो, नमस्कार.

आज सुरुवात एका पत्राने करू या. लंडनमधल्या ब्रिक्सटन तुरुंगातून सनी नावाचा मुलगा आईला लिहितो आहे. तुझी तब्येत बरी असेल, असं आधी रीतसर लिहितो आणि मग अडखळतो. धाकट्या जिमला सांभाळीन म्हणून तुला शब्द दिला होता, तो काही पाळता आला नाही. संध्याकाळच्या गर्दीत दोघं भाऊ बसची वाट बघत उभे होते. पोलिसांची गाडी थांबली, तिघं उतरले, जिमला धरून मारू लागले. सनीला राहवलं नाही. झटापटीत एक पोलीस पडला आणि मेला. जिमवर संशयाचा आरोप, सनीवर खुनाचा. आई, धीर सोडू नकोस, असं लिहून तो पत्र संपवतो.

ही लिंटन क्वेसी जॉन्सन यांची 'सनीज लेटा', म्हणजे सनीचं पत्र, ही कविता, १९७९च्या तबकडीवरची. निव्वळ संशयावरून माणूस उचलायची मुभा देणारा १८२४चा कायदा तेव्हा इंग्लंडात काळ्या पोरांवर सर्रास चालवला जात होता. ती तरतूद १९८१ साली गेली.

जॉन्सन मूळचे जमैकाचे, अकराव्या वर्षी लंडनला आलेले. शाळेत असतानाच ते तिथल्या ब्लॅक पँथर चळवळीत शिरले. मुंबईत १९७२ साली दलित पँथरने नाव घेतलं ते ज्या अमेरिकन पँथरांवरून, त्यांचंच वारं लंडनलाही लागलं होतं.

पण या कवितेचा ठेका आला जमैकातून. किंग्स्टनमध्ये किंग टबी नावाचा कारागीर होता, विजेची उपकरणं दुरुस्त करणारा, अ‍ॅम्प्लिफायर बांधणारा. तो तयार गाण्याची टेप घ्यायचा आणि त्यातला गायकाचा आवाज जवळजवळ पुसून टाकायचा. उरायचे ड्रम आणि बास. मध्येच गायकाचा एखादा शब्द प्रतिध्वनीत घुमत विरून जायचा. हेच डब. तबकडीच्या एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला ही मोकळी केलेली चाल. त्या मोकळ्या जागेत यू-रॉयसारखे डीजे नाचणाऱ्या गर्दीसमोर तालात बोलू लागले. त्यांच्यामागून कवी आले.

रेगे या जमैकन संगीताचा ठेका ऐकताना आपला कान फसतो. आपण समेची वाट बघतो आणि तिथे बऱ्याचदा काहीच नसतं. ड्रमचा घाव पडतो तिसऱ्या मात्रेवर. डब कवींनी हा हिशेब थेट शब्दांत मुरवला. तुरुंगात कविता लिहू लागलेले ओकू ओनुओरा सांगायचे की कवितेतच रेगे असला पाहिजे, वाद्यं काढून घेतली तरी तो ऐकू आला पाहिजे. माझ्या मते यातच सारं आलं. हे राणीच्या इंग्रजीत जमलं नसतं. त्यासाठी बाजारातली, अंगणातली पॅट्वा बोलीच हवी होती. लुईज बेनेट, जमैकाच्या लाडक्या मिस लू, या बोलीत कितीतरी आधीपासून लिहीत होत्या, रेडिओवर बोलत होत्या. साहित्यिकांनी मात्र त्यांना कवयित्री म्हणायला फार वेळ लावला.

या कवितेची किंमतही मोजावी लागली. १९८३च्या ऑगस्टमध्ये माइकी स्मिथ या जमैकन डब कवीने एका राजकीय सभेत मंत्र्यांना भर गर्दीत सवाल केले. दुसऱ्या दिवशी किंग्स्टनजवळ स्टोनी हिलला त्याला दगडांनी ठेचून मारलं. वय अठ्ठावीस. त्याचा आवाज तबकडीवर आहे. जरूर ऐका, शब्द कळले नाहीत तरी.

जाता जाता जीन 'बिंटा' ब्रीझ यांची एक कविता सांगते. किंग्स्टनच्या रस्त्यावर भटकणारी एक वेडी बाई. तिच्या डोक्यात रेडिओ वाजतो, डीजे तिला गावाकडे चल म्हणतो. डॉक्टर आणि घरमालक मिळून तो रेडिओ डोक्यातून काढून घेतात. बाई पोटुशी आहे. ती तो रेडिओ उचलते आणि पोटात सारते, बाळाला सोबत म्हणून. मी जगले नाही तरी हा ठेका माझ्या लेकीला जन्माआधीच ठाऊक असू दे, म्हणते.