दिवसा कुऱ्हाड, रात्री अक्षरं

(दृश्य: कृष्णधवल चित्रफीत. फिरणारा धारेचा दगड, त्यावर टेकलेलं कुऱ्हाडीचं पातं, ठिबकणारं पाणी.)

धार लावताना दगडावर पाणी का सोडतात, ते या हातांना नुकतंच कळलंय. पाणी नसेल तर पातं तापतं, तापलं की पोलाद मऊ पडतं आणि धार टिकत नाही. हे ज्यानं सांगितलं तो पाठमोरा उभा आहे. तो मास्तर नाही. सगळा जन्म जंगलाच्या कडेला काढलेला लाकूडतोड्या आहे. शिकणारा पोरगा मात्र शहरातला.

साल १९३३. अमेरिकेत महामंदी. चार कामगारांतला जवळजवळ एक बेकार. नवे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ३१ मार्चला एका कायद्यावर सही केली आणि त्यातून सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर, म्हणजे सीसीसी, उभं राहिलं. १८ ते २५ वर्षांच्या अविवाहित, बेकार तरुणांनी जंगलात छावणी करून राहायचं, झाडं लावायची, रस्ते आणि पायवाटा बांधायच्या, वणवे विझवायचे. पहिली छावणी व्हर्जिनियात उभी राहिली, १७ एप्रिलला. सहीची शाई वाळून जेमतेम १७ दिवस झाले होते.

(दृश्य: तंबूंची रांग, बिगूल, थाळ्या घेऊन उभी पोरं.)

एका छावणीत साधारण २०० जण. राहणं, जेवण, कपडे, औषधपाणी सरकारकडून. महिन्याला ३० डॉलर. त्यातले सहसा २५ परस्पर घरी जायचे, पोराच्या हातात पाच उरायचे. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवसापासून पगार, हे मला या योजनेतलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. घरी चूल पेटली आहे हे माहीत असलं, की शिकण्यात लक्ष लागतं.

छावण्या चालवायचं सैन्य. पण रोप कसं लावायचं हे सैन्याला कुठून ठाऊक असणार? म्हणून आसपासच्या गावांतले जाणकार पगारावर घेतले. कागदोपत्री त्यांना म्हणायचे ‘लोकल एक्सपीरियन्स्ड मेन’, म्हणजे स्थानिक अनुभवी माणसं.

(दृश्य: उघडा डोंगरउतार. जोडीजोडीनं चढणारी पोरं.)

जोडी नीट बघा. एक जण जमिनीत चीर पाडतो. दुसरा रोप सोडतो, किंचित वर ओढून मुळं सरळ करतो, मग टाचेनं माती दाबतो. मूळ वर मुडपलं तर झाड पुढं कमकुवत निघतं. मुकादम मागून येतो आणि शेंडा चिमटीत धरून हलकेच ओढून पाहतो. रोप हललं, तर पुन्हा लावा. नऊ वर्षांत अशी सुमारे ३०० कोटी झाडं लागली.

(दृश्य: रात्र. दिव्याखाली बाकावर दाटीनं बसलेले तरुण.)

संध्याकाळी शाळा भरायची. सीसीसीचे प्रमुख रॉबर्ट फेकनर यांना आधी ही कल्पना फारशी पटली नव्हती. कामात अडथळा येईल, असं त्यांना वाटायचं. पण १९३४ पासून छावण्यांवर शिक्षण सल्लागार नेमले जाऊ लागले. टायपिंग, मोजणी, मोटारदुरुस्ती, हिशेब. ज्याला जे हवं ते, सक्ती नाही. आणि ज्यांची पाटी कोरीच होती, त्यांच्यासाठी अक्षरओळख. दिवसभर खडक फोडलेली बोटं इथं पेन्सिल घट्ट धरून स्वतःचं नाव गिरवत आहेत. छावण्यांत ४० हजारांहून अधिक जण लिहावाचायला शिकले. पुढं १९३७ च्या कायद्यात आठवड्याला दहा तास शिक्षणासाठी ठेवले गेले.

(दृश्य: वॉशिंग्टन. जळत्या झोपड्या, धूर.)

हे पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक. कबूल केलेला बोनस मागायला १९३२ च्या उन्हाळ्यात ते राजधानीत आले होते, आणि त्यांच्यावर सैन्य घातलं गेलं. पुढच्या मे महिन्यात ते पुन्हा आले, तेव्हा रूझवेल्ट सरकारनं त्यांच्यापुढं सीसीसी ठेवलं. त्यांच्यासाठी वयाची अट काढली, लग्नाचीही. त्यांच्या वेगळ्या छावण्या निघाल्या आणि बरेच जण तिकडं गेले.

कायद्यात वंशभेदाला मनाई असूनही १९३५ पासून कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या काढल्या गेल्या. मुलींना तर सीसीसीत जागाच नव्हती.

(दृश्य: कोलोरॅडोतलं रेड रॉक्स. दोन लाल कड्यांच्या मधोमध उतरत गेलेली बाकांची रांग.)

हे खुलं नाट्यगृह सीसीसीच्या पोरांनी बांधलं. १९४१ मध्ये पूर्ण झालं. वर्षभरात छावण्या बंद पडल्या आणि ही पिढी दुसऱ्या महायुद्धावर गेली.

(दृश्य: बोटीवरून उतरणारे सैनिक.)

ते परतण्याआधीच त्यांच्या शिक्षणासाठी एक कायदा तयार होता. माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेचे हॅरी कोलमेरी यांनी त्याचा पहिला मसुदा वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात, हॉटेलच्याच कागदांवर हातानं लिहिला. २२ जून १९४४ ला रूझवेल्ट यांची सही झाली. लोक त्याला जीआय बिल म्हणू लागले; जीआय म्हणजे अमेरिकी सैनिक. सरकारकडून वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी, आणि पोटापाण्यासाठी सुरुवातीला महिन्याला ५० डॉलर. घरी अवलंबून असलेलं कोणी असेल तर ७५.

१९५६ मध्ये योजना संपली तोवर दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे ७८ लाख सैनिकांनी तिचा लाभ घेतला होता. चित्रांत नेहमी कॉलेजचे गाऊन दिसतात. पण कॉलेजात गेले सुमारे २२ लाख. बाकी ५६ लाख गेले हातकामाच्या शाळांत, शेतीच्या शिक्षणाला, कारखान्यांत उमेदवारीला. दक्षिणेत कृष्णवर्णीय सैनिकांना कित्येक दारं बंदच राहिली.

(दृश्य: लेथ. दोन माणसं, एक वयस्क, एक तिशीतला, अंगात जुना सैनिकी शर्ट.)

लोखंडाचा दांडा फिरतोय. वस्तादानं यंत्र थांबवलं. कॅलिपर लावलं, मोजलं, काहीच बोलला नाही. कॅलिपर शिकाऊच्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला सरकला.

(दृश्य सुरू राहतं. निवेदन नाही. फक्त यंत्राचा आवाज.)