मध्ये दुभाषा नको: कर्णबधिर-अंध मुलांशी थेट गप्पा

नमस्कार मंडळी! ज्या मुलाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्याशी बाकावरच्या मित्राला बोलायचं असेल तर? बहुतेकदा मध्ये बाई नाहीतर आई लागते. ती मुलाच्या हातात खुणा करते, मग त्याचं उत्तर आपल्याला सांगते. काम भागतं. पण बाईंच्या मार्फत कुणाची दोस्ती होते का? भांडण तर नाहीच नाही!

(ब्रेल डिस्प्ले दाखवत) हा ब्रेल डिस्प्ले. ह्याच्यावर 20 खाने आहेत, प्रत्येकात 8 बारीक टाचण्या. कीबोर्डवर मी लिहिते, 'आई'. जवळून बघा. पहिल्या खान्यात तीन टाचण्या वर आल्या: डावीकडे वरून तिसरी, उजवीकडे वरून पहिली आणि दुसरी. हा झाला 'आ'. शेजारी दोनच टाचण्या, तो 'ई'. मुलानं बोट फिरवलं की वाचून झालं. ह्याच पट्टीवरच्या ब्रेलच्या बटणांनी तो उत्तर लिहितो आणि मित्राला ते पडद्यावर दिसतं. मित्राला ब्रेल यायलाच हवं असं नाही.

अमेरिकेतल्या वकील हाबेन गिर्मा अशाच बोलतात. समोरचा माणूस कीबोर्डवर लिहितो, त्या बोटांनी वाचतात आणि तोंडानं उत्तर देतात. हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतलेल्या त्या पहिल्या कर्णबधिर-अंध विद्यार्थिनी, वर्ष 2013.

शिक्षकांनो, संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर टाका, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये देणारा प्रोग्रॅम. त्यात मराठी ब्रेल निवडता येतं. शिवाय 'ब्रेल व्ह्यूअर' उघडला की मुलाच्या बोटाखाली नेमकं काय आलंय ते तुम्हालाही दिसतं. सुरुवातीला ह्याचा फार उपयोग होतो, कारण मूल गप्प का आहे ते कळतं. त्याला उत्तर सुचत नाहीये, की ओळ पुढे सरकलीच नाहीये?

आता, ज्याला अजून भाषाच मिळालेली नाही त्याच्या हातात हे यंत्र देऊन काही होणार नाही. महागडी वस्तू आणून कपाटात ठेवायची हौस आपल्याकडे भारी! अशा मुलाशी आधी रोजच्या वस्तूच बोलतात. जेवायच्या आधी रोज तोच चमचा हातात, अंघोळीच्या आधी तोच पंचा. मग मूल स्वतःहून चमचा उचलून देतं, म्हणजे भूक लागली.

ह्याच टप्प्यावर एक साधं बटण कामाला येतं. आवाज भरून ठेवायचा, दाबलं की वाजतो. 'मला पण खेळायला घ्या!' हा आवाज बाईंचा नको, त्याच्याच वयाच्या मुलाचा हवा. आठ वर्षांच्या पोराच्या हातून बाईंचा आवाज निघाला तर बाकीची पोरं हसणारच ना.

आणि हे नीट ऐका. बटण वाजलं ते त्याला स्वतःला कळत नाही. त्यामुळे ज्यानं ऐकलं त्यानं लगेच जाऊन हाताला हात लावायचा आणि चेंडू द्यायचा. नंतर नाही, तेव्हाच. उशीर झाला तर बटण आणि चेंडू यांचा संबंध त्याला लागणार नाही, आणि तो ते दाबायचंच सोडून देईल.