'सेट' या शब्दाची बैठक

सभ्य स्त्रीपुरुषहो,

इंग्रजीत अवघ्या तीन अक्षरांनी लिहिल्या जाणाऱ्या 'सेट' या शब्दाविषयी आज बोलायचे आहे. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती 1989 मध्ये वीस खंडांत निघाली, तेव्हा तिच्यातली सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. ती सुमारे 60,000 शब्दांची होती आणि तिच्यात 430हून अधिक अर्थ दिलेले होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा हा आकडा ऐकूनच धीर सुटतो, पण ज्याला 'बसवणे' हे क्रियापद येते त्याने या शब्दाला घाबरण्याचे फारसे कारण नाही, असे माझे म्हणणे आहे.

'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे त्याचेच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. स्वराचा तेवढा फरक करून जुन्या इंग्रजीने जे साधले, ते आपण 'व' जोडून साधतो. आता आपण काय काय बसवतो ते पाहा. हाडवैद्य निखळलेले हाड बसवतो, सोनार कोंदणात खडा बसवतो, सरकार कर बसवते, नवरात्रात घराघरांत घट बसतात, आणि नाट्यसंमेलनाची परंपरा असलेल्या या सोलापूर शहरात नाटक बसवणे म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. यांपैकी हाड आणि खडा या दोन ठिकाणी इंग्रज माणूस 'सेट'च म्हणतो. करासाठी तो दुसरा शब्द घेतो, पण किंमत ठरवायची झाली की पुन्हा 'सेट'कडे वळतो. एखादी वस्तू तिच्या जागी नीट, हलणार नाही अशी ठेवणे हे या सगळ्याच्या बुडाशी आहे. घड्याळाचा गजर लावणे, जेवणाचे टेबल मांडणे, प्रश्नपत्रिका काढणे हे अर्थ तिथूनच फुटले.

हे साम्य सगळीकडे पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. 'बसवणे' म्हटले की बसवणारा कोणीतरी लागतो. 'सेट'ने मात्र ही मर्यादा ओलांडली आणि बसण्याचे कामही स्वतःकडे घेतले, म्हणून इंग्रजीत सूर्यही 'सेट' होतो, जेली आणि सिमेंटही होते. आपल्याकडे सूर्य मावळतो आणि दही लागते. बांधकामावरचा मिस्त्री मात्र स्लॅब 'सेट' झाला असेच म्हणतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

चहाच्या कपांचा सेट किंवा गणितातला सेट यांची कथा थोडी निराळी आहे. समूह या अर्थाच्या नामामागे एक दुसरा शब्द आहे, जो लॅटिनमधल्या 'अनुसरणे' या अर्थाच्या धातूपासून निघून जुन्या फ्रेंचमार्फत इंग्रजीत आला. पुढे दोघांचे उच्चार सारखे झाले, अर्थही एकमेकांत मिसळले, आणि आता त्यांना सोडवून वेगळे करणे कोशकारांनाही जड जाते. गंमत अशी, की या दोन्ही घराण्यांचे भाऊबंद संस्कृतात आहेत. 'सिट'चा सख्खा नातेवाईक म्हणजे बसणे या अर्थाचा 'सद्' धातू, ज्यापासून सदन, परिषद, संसद आणि उपनिषद हे शब्द झाले. त्या लॅटिन धातूचा नातेवाईक म्हणजे 'सच्', सोबत असणे, ज्यापासून 'सचिव' आला. प्राध्यापक होण्यासाठीच्या सेट परीक्षेतला 'सेट' मात्र 'स्टेट एलिजिबिलिटी टेस्ट'च्या निव्वळ आद्याक्षरांचा. या नातेसंबंधांत त्याला जागा नाही.

आता त्या 430 अर्थांकडे परत येऊ. हा आकडा शब्दापेक्षा संपादकाच्या निवाड्याविषयी अधिक सांगतो. गजर लावणे आणि किंमत ठरवणे हे दोन अर्थ धरायचे की एकाच अर्थाचे दोन वापर, हे कोशकार ठरवतो. ऑक्सफर्डच्या चालू सुधारित आवृत्तीत 'सेट'चा पहिला क्रमांक गेला असून 'रन' या एका क्रियापदाचेच 645 अर्थ नोंदले गेले आहेत. त्यातल्या कित्येकांमागे यंत्रयुग आहे. इंग्रजीत इंजिन पळते, कारखाना पळवला जातो. आपल्या यंत्रमागावर मात्र माग 'चालतो', त्याच्या जिवावर घर चालते आणि आठवडी बाजारात उधारीही चालते.

साधे, घरगुती क्रियापद असे पसरणे ही इंग्रजीची मिरासदारी नाही. मराठीत भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो आणि मूल रडू लागते. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरात 'पेट्टु' म्हणजे ठेवणे. पण पानात भात वाढणेही 'पेट्टु'च आणि मुलाचे नाव ठेवणेही 'पेट्टु'च. मराठीतही नाव ठेवतात, फक्त अनेकवचन झाले की बारसे राहत नाही, निंदा सुरू होते.

म्हणून विद्यार्थ्यांनी 'सेट'च्या अर्थांची यादी पाठ करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. तो शब्द कोणाच्या शेजारी आला आहे ते आधी पाहावे. 'आउट' शेजारी असेल तर माणूस प्रवासाला निघाला आहे. 'इन' असेल तर पाऊस किंवा आजार मुक्कामाला आला आहे. 'बॅक' असेल तर काम मागे पडले आहे. एका बाबतीत मात्र शेजारीही फार मदत करत नाहीत: या क्रियापदाचे रूप भूतकाळात बदलत नाही, त्यामुळे 'दे सेट द टेबल' या वाक्यातले टेबल ते रोज मांडतात की काल मांडले, हे कळण्यासाठी मागचे-पुढचे वाक्य वाचावेच लागते.