शंभर किलोमीटरच्या वर

13 सप्टेंबर 1985. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे, पॅसिफिक महासागरावर अमेरिकी हवाई दलाचं एक एफ-15 विमान नाक उंचावून चढत निघालंय. वैमानिक आहेत मेजर विल्बर्ट पिअर्सन. विमानाच्या पोटाखाली एकच क्षेपणास्त्र. ते सुटतं आणि सुमारे 555 किलोमीटर उंचीवरच्या 'सोलविंड' या उपग्रहावर जाऊन आदळतं. त्यात स्फोटकं नव्हती, नुसत्या धडकेनंच काम झालं. सोलविंड अमेरिकेचाच होता, सूर्याचा अभ्यास करायचा, आणि त्यावरची काही उपकरणं तेव्हाही चालू होती. शास्त्रज्ञ चिडले, पण चाचणी यशस्वी ठरली.

पुढच्या दहाच दिवसांत, 23 सप्टेंबरला, अमेरिकेनं 'यूएस स्पेस कमांड' ही अंतराळातल्या मोहिमांसाठीची लष्करी कमांड उभी केली. उपग्रह पाडता येतो हे तिच्या जन्माआधीच सिद्ध झालं होतं. तो राखायचा कसा, हे काम तिच्या वाट्याला आलं.

सुरुवातीची वर्षं सोव्हिएत क्षेपणास्त्रांवर नजर ठेवण्यात गेली. खरी ओळख पटली ती 1991 च्या आखाती युद्धात. खुणा नसलेल्या वाळवंटात रणगाड्यांना जीपीएसनं वाट दाखवली, तेही जीपीएसचे सगळे उपग्रह वर गेलेले नसताना. इराकची स्कड क्षेपणास्त्रं सुटली की त्यांच्या ज्वाळेची उष्णता अंतराळातून टिपली जायची आणि खाली इशारा पोहोचायचा. जगभरच्या सेनापतींनी ते युद्ध बारकाईनं पाहिलं. अमेरिकेची ताकद कुठून येते ते त्यांना दिसलं, आणि ती कुठे तोडता येईल तेही.

तरीही 2002 मध्ये ही कमांड बंद झाली. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर मायभूमीच्या रक्षणासाठी 'नॉर्दर्न कमांड' आली आणि अंतराळाचं काम अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या 'स्ट्रॅटेजिक कमांड'कडे गेलं. तेव्हा हे कुणाला फारसं खटकलं नाही. खटकायला हवं होतं, असं आज म्हणणं सोपं आहे.

जानेवारी 2007 मध्ये चीननं आपलाच जुना हवामान उपग्रह, फेंगयुन-1सी, सुमारे 860 किलोमीटर उंचीवर फोडला. नोंद करता येतील असे तीन हजारांहून जास्त तुकडे झाले. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की तुकडे खाली यायला अनेक दशकं लागतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं युद्धनौकेवरून स्वतःचा एक बिघडलेला उपग्रह पाडला, आणि मार्च 2019 मध्ये भारतानं 'मिशन शक्ती' या चाचणीत आपलाच एक उपग्रह. हे दोन्ही मारे तीनशे किलोमीटरच्या खाली झाले, त्यामुळे कचरा तुलनेनं लवकर जळून गेला. 29 ऑगस्ट 2019 रोजी स्पेस कमांड पुन्हा उभी राहिली. पहिले प्रमुख जनरल जॉन रेमंड.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. डिसेंबर 2019 मध्ये स्थापन झालेली 'स्पेस फोर्स' वेगळी. ती माणसं भरती करते, शिकवते, यंत्रणा उभारते. ती माणसं आणि यंत्रणा प्रत्यक्ष मोहिमेवर वापरते ती कमांड, आणि तिच्यात भूदल, नौदल, हवाई दल, मरीन असे सगळेच असतात.

कमांडची हद्द समुद्रसपाटीपासून शंभर किलोमीटरवर सुरू होते. वर सीमा नाही. पण या हद्दीत सैनिक गस्त घालू शकत नाही, चौकी बसवता येत नाही. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगानं पळतो, दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो. त्याची वाट आधीच ठरलेली असते आणि ती कुणालाही मोजता येते. लपायला जागा नाही. जवळ इंधन मोजकं, आणि वाट बदलायची तर तेच जाळावं लागतं.

म्हणून या कमांडच्या दिवसाचा मोठा भाग बघण्यात जातो.

पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांतलं क्वाजालीन घ्या. इथलं 'स्पेस फेन्स' रडार 2020 मध्ये सुरू झालं. खालच्या कक्षेतली गोटीएवढी वस्तूही ते पकडू शकतं. दुसरी रडार आणि दुर्बिणी जगभर विखुरलेल्या आहेत. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्ग तळावर ही माहिती जुळवून हजारो वस्तूंची यादी ठेवली जाते: चालू उपग्रह, मेलेले उपग्रह, रॉकेटचे सांगाडे, तुकडे. 2009 मध्ये सैबेरियाच्या वर इरिडियम कंपनीचा एक चालू उपग्रह आणि कॉसमॉस-2251 हा निकामी रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले. त्यानंतर टक्कर होण्याचा धोका जगातल्या सगळ्याच उपग्रहचालकांना कळवायची पद्धत सुरू झाली. फुकट. रशिया आणि चीनलासुद्धा. शत्रूच्या उपग्रहाला 'सांभाळ' म्हणणारी लष्करी यंत्रणा दुसरीकडे सापडणं अवघड. यात परोपकार थोडा, हिशेब जास्त: त्यांचा उपग्रह फुटला तर तुकडे आपल्याच वाटेवर येणार.

टक्कर तरी स्पष्ट दिसते. हल्ला बहुतेक वेळा तसा दिसत नाही. जीपीएसचा उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून संदेश पाठवतो, जमिनीवर पोहोचेपर्यंत तो अगदी क्षीण होतो आणि साध्या जॅमरनंही दबतो. लेझरनं उपग्रहाचा कॅमेरा दिपवता येतो. आणि 24 फेब्रुवारी 2022 ला, रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरण्याच्या तासभर आधी, व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला ओरखडाही आला नाही. बंद पडले ते जमिनीवरचे हजारो मोडेम, आणि त्यांच्यासोबत जर्मनीतल्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाशी संपर्क तुटला.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो, हे केलं कुणी? किंबहुना, कुणी काही केलंय का? उपग्रह गप्प झाला तर कारण सौरवादळ असेल, एखादा सुटा भाग असेल, नाहीतर शत्रू. तपासायला तिथे कुणी जाऊ शकत नाही.

2020 च्या सुरुवातीला दोन रशियन उपग्रह, कॉसमॉस-2542 आणि त्याच्यातूनच बाहेर पडलेला 2543, एका अमेरिकी हेर उपग्रहाच्या मागावर दिसले. जनरल रेमंड यांनी ते जाहीरपणे सांगितलं. लष्कर अशा गोष्टी सहसा पोटात ठेवतं, पण इथे बोभाटा हेच हत्यार होतं. त्या जुलैत 2543 नं एक वस्तू वेगानं बाहेर सोडली. अमेरिका म्हणाली, ही शस्त्रचाचणी. रशिया म्हणाला, उपग्रहांची तपासणी. निष्पक्षपणे हेही सांगायला हवं की 36 हजार किलोमीटरच्या भूस्थिर कक्षेत दुसऱ्यांच्या उपग्रहांजवळ जाऊन पाहणारे अमेरिकेचे स्वतःचे उपग्रह 2014 पासून फिरताहेत.

15 नोव्हेंबर 2021 ला मात्र शंकेला जागा राहिली नाही. रशियानं क्षेपणास्त्रानं स्वतःचा कॉसमॉस-1408 फोडला. दीड हजारांवर तुकडे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या सात जणांना आपापल्या परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं, आणि त्या सातांत दोघे रशियन होते. पाच महिन्यांनी अमेरिकेनं जाहीर केलं की अशा विध्वंसक क्षेपणास्त्र चाचण्या आपण यापुढे करणार नाही.

या सगळ्या काळात कमांडला स्वतःचा पत्ता काही पक्का मिळेना. 2021 मध्ये मुख्यालयासाठी अलाबामातलं हंट्सव्हिल निवडलं गेलं, 2023 मध्ये बायडेन यांनी ते कोलोरॅडोतच ठेवायचं ठरवलं, सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा हंट्सव्हिल जाहीर केलं. उपग्रहाची कक्षा यापेक्षा स्थिर असते.

आता सगळ्यात अवघड दुखणं. जुलै 1962 मध्ये अमेरिकेनं पॅसिफिकवर 400 किलोमीटर उंचीवर 'स्टारफिश प्राइम' हा अणुस्फोट केला. कक्षेत कोंडलेल्या किरणोत्सारानं पुढच्या काही महिन्यांत अनेक उपग्रह निकामी केले. त्या वेळी वर उपग्रह होतेच मोजके. 1967 च्या अंतराळ करारानं कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी घातली. 2024 मध्ये अमेरिकेनं म्हटलं की रशिया कक्षेत ठेवण्याजोगं अण्वस्त्र विकसित करतोय, आणि 2022 मध्ये सोडलेल्या कॉसमॉस-2553 शी त्याचा संबंध जोडला. रशियानं आरोप नाकारला. त्या एप्रिलमध्ये सुरक्षा परिषदेत कराराचं पालन करण्याची आठवण देणारा ठराव आला, तेव्हा रशियानं नकाराधिकार वापरला.

या करारात एक कलम आहे. चंद्रावर कुणी तळ उभारला, तर दुसऱ्या देशाला रीतसर कळवून तो जाऊन पाहता येतो. पृथ्वीच्या कक्षेतल्या उपग्रहासाठी असं कलम नाही. त्यामुळे कॉसमॉस-2553 च्या आत काय आहे हे स्पेस कमांडला रडारवर दिसणाऱ्या हालचालींवरून, दुर्बिणीतल्या प्रकाशावरून आणि हेरांच्या माहितीवरूनच ताडावं लागतं.