पिलरचा पिवळा, गाडीचा लाल

[वाशी. इमारतीखालचं पार्किंग, लाल गाडीच्या बंपरवर पिवळा पट्टा.]

हा पिवळा गाडीचा नाही, पिलरचा ऑइलपेंट आहे. फडक्यावर थोडं रबिंग कंपाऊंड, म्हणजे रंग हलकेच घासणारी पेस्ट, घेऊन चोळलं की निम्मा 'ओरखडा' इथेच निघून जातो. थिनर लावायचा मोह टाळा, बंपरचा रंग मऊ पडतो.

[पाण्याचा फवारा.]

उरला तो खरा चरा. ओला झाल्यावर दिसेनासा होतोय, म्हणजे तो क्लिअर कोटमध्येच, रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे. नख अडकलं, तर मामला खोल.

क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, केसाहून पातळ. म्हणून 2000 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा अगदी बारीक सँडपेपर, तोही दहा मिनिटं भिजवलेला, पाण्यात थेंबभर शाम्पू. पेपर बोटांनी दाबायचा नाही. बोटांच्या खुणा रंगात उतरतात. रबरी ब्लॉकवर गुंडाळून, हलक्या हाताने, एकाच दिशेत. पॅनेलच्या कडांना मास्किंग टेप, कारण तिथे रंग मुळातच पातळ असतो.

आता हे पाणी बघा. दुधाळ आहे, तोवर क्लिअर कोटच घासला जातोय. लालसर झालं की हात थांबवा, खालचा रंग लागला. काही साध्या पांढऱ्या गाड्यांना क्लिअर कोट नसतोच. तिथे ही खूण कामाची नाही.

घासलेला भाग धुरकट दिसतो. घाबरू नका. 3000 चा पेपर, मग कंपाऊंड, शेवटी पॉलिश.

[दारावरचा चरा, तळाशी पत्रा.]

इथे टचअप. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली सापडतो. चरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पत्र्यावर प्रायमर, मग टूथपिकच्या टोकाने रंग, फक्त चरीत. दोन-तीन पातळ हात, मध्ये वीस-तीस मिनिटं. एकाच जाड थेंबात भरला, तर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि पुढे खचतो. शेवटी वरून क्लिअर. पावसाळी दमट हवेत तो लावला की पांढुरका पडतो. कोरडी सकाळ बघा.

गॅरेजवाले एका चऱ्यासाठी अख्खं दार रंगवायला सांगतात. कारखान्यात रंग सुमारे 140 अंशांवर भाजलेला असतो, गॅरेजच्या बूथमध्ये जेमतेम 60. तो मूळ रंग घासून काढण्याआधी ही टूथपिक वापरून बघा.

मेटॅलिक रंगात ठिपका जवळून दिसतोच. फुगलेला गंज असेल, तर मात्र गॅरेज गाठा.